वडिलांनी घातलेली माती

२९ सप्टेंबर हा ख्रिस्तसभेच्या उपासना-दिनदर्शिकेत मिखाएल, गॅब्रिएल आणि राफाएल या महादूतांचा सण. १९९३ साली नेमकी याच दिवशी अनंत चतुर्दशी आली होती. मराठवाड्यात, लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी या गावी गणपतीचे विसर्जन करून माणसे रात्री उशिरा घरी परतली आणि निजली. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गुरुवार उजाडण्याआधी, ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. काही क्षणांत किल्लारी, सास्तूर, होळी, पेठसांगवी, राजेगाव, मंगरूळ आणि आसपासची गावे दगडांचे ढीग होऊन पडली. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील ५२ गावे भुईसपाट झाली. सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसे दगावली आणि सुमारे १६,००० जखमी झाली. भूकंपाचे परिमाण कोणी ६.२ मोजले, कोणी ६.४. जगाच्या मानाने हा फार मोठा भूकंप नव्हता; परंतु त्याने घेतलेले बळी फार मोठे होते.

आकडे इतिहासाच्या कामी येतात. घराचे दुःख त्यांत मावत नाही. त्या पहाटे कोणाचे वडील गेले, कोणाचे आजोबा गेले. आणि कोठे आजोबाच तेवढे उरले व नातवंडांची नावे घेत बसण्याची पाळी त्यांच्यावर आली. ही वडीलधारी माणसे भाविक होती. कोणी वारकरी, गळ्यात तुळशीची माळ घालणारे. कोणी लिंगायत, नित्य इष्टलिंगाची पूजा करणारे. कोणी पाच वेळा नमाज पढणारे. आपल्या धर्मग्रामांतील आजोबा पहाटेच्या मिस्साला जातात, संध्याकाळी दिवा लागल्यावर घरच्यांना रोझरीसाठी गोळा करतात. श्रद्धेची वाट निराळी. परंतु दिवसाची सुरुवात देवाच्या नावाने करणारा आणि घरातले सगळे निजल्यावर दाराची कडी पुन्हा एकदा चाचपून पाहणारा तो म्हातारा आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे.

अशा श्रद्धावान वडिलांचे, आजोबांचे स्मरण त्यांच्यामागे कसे करावे? प्रश्न साधा वाटतो. किल्लारीने मात्र तो कठीण करून आपल्यापुढे ठेवला आहे. कारण तेथे ज्या घराखाली माणसे गाडली गेली, ते घर वडिलांनी आणि आजोबांनीच मोठ्या मायेने राखलेले होते.

स्मरणाच्या वस्तू

एरवी घरातील वडील माणूस गेला म्हणजे त्याच्यामागे पुष्कळ काही उरते. भिंतीवर तसबीर उरते, कोपऱ्यात काठी उरते, झिजलेल्या मण्यांची जपमाळ उरते, ओसरीवरची त्यांची बसण्याची जागा उरते. जागेवर दुसरे कोणी बसले तरी काही दिवस ते चुकल्यासारखे वाटते. अंत्यविधी होतो, माणसे भेटून जातात, वर्षश्राद्ध होते किंवा वर्षाची मिस्सा होते, आणि हळूहळू दुःखाचे रूपांतर आठवणीत होते. या सगळ्या क्रमाला वेळ लागतो. आणि हा वेळ मिळणे हीही एक कृपाच असते.

किल्लारीत तो क्रमच मोडला. तसबीर, काठी, देवघर आणि बसण्याची जागा एकाच वेळी दगडामातीखाली गेली. पाठोपाठ पाऊस आला. प्रेते इतकी होती की एकेकाला वेगळा निरोप देणे शक्य नव्हते. सामुदायिक चिता रचाव्या लागल्या, आणि सरपण म्हणून पडलेल्या घरांच्याच तुळया वापराव्या लागल्या. ज्या तुळईखाली मुलांनी आजोबांच्या मांडीवर बसून गोष्टी ऐकल्या, तीच चितेवर गेली. रडायला माणसे होती. पण कोणासाठी आधी रडावे हे त्यांना कळत नव्हते. जी मुले पोरकी झाली किंवा ज्यांच्या शिक्षणाला आधार उरला नाही, अशा सुमारे १,२०० मुलांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला नेले. त्यांच्यापैकी कित्येकांच्या हाती वडिलांचे एखादे छायाचित्रही नसेल. वडिलांची आठवण म्हणून त्यांच्याजवळ असेल तो एक आवाज, एक चेहरा, आणि एक नाव.

तेव्हा स्मरणाच्या वस्तू गेल्या की स्मरण जाते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला आधी त्या घरात शिरावे लागेल.

माळवद

किल्लारीचे घर म्हणजे माळवदाचे घर. दोन-अडीच फूट, काही ठिकाणी त्याहूनही जाड दगडी भिंती. आणि दगड सांधायला चुन्याऐवजी माती. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या, आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. हेच माळवद. दारातून शिरताना ढेलज, पुढे अंगण, मग ओसरी. भिंतीत दिव्यासाठी देवळी, धान्यासाठी बळद. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा या घरात गारवा असतो, आणि थंडीत ऊब. उन्हाळ्याच्या रात्री माळवदावर निजावे, दिवसा तेथेच धान्य आणि मिरच्या वाळत घालाव्यात. घर गरिबाचे असो की पाटलाचे, त्याची घडण हीच. फरक असायचा तो खणांच्या संख्येत आणि दगडाच्या घडाईत.

माळवद गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर माती घालावी लागते. ही माती गावच्या पांढरीची. आपल्या खेड्यांत शेतजमिनीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जमिनीला पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या घरे उभी राहिली आणि पडली, त्यांच्या भिंतींची माती एकावर एक साचत गेली, ती पांढरी. पाणी आत झिरपू न देणारी ही माती टोपल्यांनी वर चढवायची, पसरायची, चोपायची. हे काम घरातल्या कर्त्या पुरुषाचे. मृग लागण्याआधी ज्याचे माळवद नीट झाले नाही, त्या बापाला गाव नावे ठेवी. लेकरांच्या अंगावर रात्री पाण्याचा थेंब पडू नये, बळदातले धान्य भिजू नये, एवढ्यासाठी वडील दरवर्षी माती घालीत. जुनी माती काढून नवी घालण्याचे कष्ट आणि खर्च पुष्कळदा झेपत नसे. तेव्हा जुन्यावरच नवी पडे. आजोबांच्या थरावर वडिलांचा थर, वडिलांच्या थरावर मुलाचा.

असे होता होता कित्येक घरांवर हा थर एक-दोन फुटांपर्यंत वाढला. वाचकांनी हिशेब करून पाहावा. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशा एका खोलीवर दीड फूट माती असेल, तर तिचे वजन सहा-सात टन भरते. एवढे वजन डोक्यावर, आणि खाली मातीत रचलेली भिंत. ती भिंत बाहेरून एकसंध दिसली तरी खरे म्हणजे तिला दोन अंगे असत. बाहेरच्या बाजूने दगडांचा एक पदर, आतल्या बाजूने दुसरा, आणि मध्ये दगडांचे तुकडे व माती यांची भर. दोन्ही पदरांना बांधून धरणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हता. जमीन हलताच पदर एकमेकांपासून सुटले, भिंती फुगून ढासळल्या आणि डोक्यावरची माती खाली आली. पुढे तज्ज्ञांनी पाहणी केली तेव्हा गवताने शाकारलेल्या हलक्या झोपड्यांनी धक्का पुष्कळ बरा सोसल्याचे दिसून आले. ज्याला जाड भिंत परवडली नव्हती, तो गरीब त्या रात्री आपल्या झोपडीतून जिवंत बाहेर आला.

हे वाचताना मन थबकते. बाप माती घालीत होता ती मुलांना जपण्यासाठी. त्याच मायेचे ओझे अखेर मुलांच्या अंगावर कोसळले. आता त्या बापाचे स्मरण मुलाने कसे करावे? त्याला दोष द्यावा काय? की दोष दिसूच नये म्हणून डोळे मिटून घ्यावेत?

दोष कोणाचा?

आधी न्यायाची गोष्ट. त्या वडिलांना भूकंपाचे काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दख्खनचे पठार हा पुरातन आणि स्थिर भूभाग, असेच शास्त्रज्ञही मानीत आले होते. देशाच्या भूकंप-नकाशात किल्लारीचा परिसर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखविलेला होता. १९९२ च्या उत्तरार्धात तेथे जमिनीतून आवाज येऊ लागले, हादरे बसू लागले. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का तर ४.५ परिमाणाचा होता. लोक घाबरले, घराबाहेर निजू लागले. पण महिने गेले, पुढे काही घडले नाही, पाऊसपाण्याचे दिवस आले आणि माणसे घरात परतली. गुराढोरांचे, शेताचे, लेकीसुनांचे सगळे पाश टाकून कोणी किती दिवस उघड्यावर राहणार? भूकंपानंतर शास्त्रालाही आपले मत बदलावे लागले. २००२ साली सुधारलेल्या नकाशातून पहिला विभाग काढूनच टाकण्यात आला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. जेथे नकाशा काढणाऱ्यांना धोका दिसला नव्हता, तेथे टोपलीने माती वाहणाऱ्या शेतकऱ्याला तो दिसला नाही, म्हणून त्याला अपराधी कसे ठरवावे?

दुसरा एक दोष माणसे प्रत्येक संकटानंतर मृतांच्या माथी मारतात. पाप वाढले, म्हणून देवाचा कोप झाला, असे बोलले जाते. प्रभू येशूच्या काळीही हे बोलले जात होते. सिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसे मरण पावली, त्याचा उल्लेख लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. ती अठरा माणसे यरुशलेमच्या इतर रहिवाशांहून अधिक पापी होती, ही समजूत प्रभूने स्पष्ट शब्दांत खोडून काढली आणि ऐकणाऱ्यांना स्वतःच्या जीवनाकडे वळायला सांगितले. जुन्या करारातील एलिया संदेष्ट्यालाही होरेब डोंगरावर हेच शिकावे लागले. वादळ झाले, भूकंप झाला, अग्नी पेटला; परमेश्वराची भेट मात्र त्यानंतरच्या हळुवार, शांत आवाजात झाली. किल्लारीच्या भाविक वडिलांच्या मरणात देवाचा कोप शोधणे हा त्या मृतांवर आणि देवावरही अन्याय होईल.

माती उतरवणारे हात

भूकंपानंतर जे जगले त्यांच्या मनात दगडाची भीती बसली. ज्या दगडाने घरातली माणसे घेतली, तो पुन्हा भिंतीत नको, असे लोक म्हणू लागले. सिमेंटचेच घर हवे. ही भीती समजण्यासारखी होती. तज्ज्ञांचे म्हणणे असे पडले की दगडाचा दोष नाही. दोष बांधणीचा आहे. आरपार दगड घाला, कोपरे नीट सांधा, भिंतीला चोहोबाजूंनी बांधून धरणारा पट्टा द्या आणि डोक्यावरचे वजन कमी करा. मग तोच दगड माणसांना राखील.

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून महाराष्ट्र शासनाने भूकंप पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. पार उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. नव्या गावांत रस्ते सरळ आणि रुंद झाले. पण जुन्या बोळांतला शेजार, ओट्यावरच्या गप्पा आणि अंगणाचा आडोसा मागे राहिला. मोडून पडलेल्या जुन्या किल्लारीच्या जागी मृतांचा स्मृतिस्तंभ उभा राहिला आणि दरवर्षी ३० सप्टेंबरला तेथे पोलिसांकडून मानवंदना देण्याची प्रथा पडली.

जी घरे पडली नव्हती, केवळ भेगाळली होती, त्यांची दुरुस्ती आणि मजबुतीही याच कार्यक्रमात झाली. या कामाचा पसारा तेरा जिल्ह्यांत होता. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या प्रयत्नाने शेकडो गावांत बचतगटांतल्या आणि महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. ज्यांनी आजवर गावसभेत तोंड उघडले नव्हते, त्या वाळू-सिमेंटचे प्रमाण, पट्ट्यातल्या सळया आणि आरपार दगडांची जागा यांवर घरोघर बोलू लागल्या. त्यांच्या सांगण्यातली पहिली गोष्ट असायची ती माळवद हलके करण्याची.

आम्हांला या साऱ्या इतिहासातला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. मुलगा माळवदावर चढतो आणि वडिलांनी, आजोबांनी वर्षानुवर्षे घातलेली माती फावड्याने खाली ओढतो. वरून पाहणाऱ्याला हा वडिलांच्या कष्टांचा अव्हेर वाटेल. एखाद्या म्हाताऱ्या आईच्या काळजात त्या वेळी कालवाकालवही झाली असेल. परंतु वडिलांनी माती घातली होती ती कशासाठी? घरातली लेकरे सुखरूप निजावीत यासाठी. आणि मुलगा ती उतरवतो तेही त्याचसाठी. हाताचे काम उलटे झाले, हेतू तोच राहिला. बापाच्या हेतूला मुलाने दिलेला हा मान आहे.

चौथी आज्ञा आणि एक नातू

आपल्या आईबापांचा मान राख, ही चौथी आज्ञा आपण बालपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली. वडील हयात असेतो तिचा अर्थ बराचसा उघड असतो: त्यांचे ऐकावे, त्यांना दुखवू नये, म्हातारपणी सांभाळावे. ते गेल्यावर ती आज्ञा संपते काय? ख्रिस्तसभेने तसे कधी मानले नाही. बेन सिराच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात या आज्ञेचे विस्ताराने विवरण आहे. बापाची बुद्धी वार्धक्यात क्षीण झाली तरी मुलाने सामर्थ्याच्या तोऱ्यात त्याला तुच्छ लेखू नये, असा त्यातला उपदेश आहे. म्हणजे बापाची उणीव दिसतच नाही असे भासवायला तो ग्रंथ सांगत नाही. उणीव दिसत असूनही मान राखायला सांगतो. याच ग्रंथाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात पूर्वजांचा गौरव आहे, आणि ज्यांची जगात काहीच आठवण उरली नाही अशा पूर्वजांनाही त्यात जागा दिलेली आहे.

या ग्रंथाची स्वतःची कथाही आजोबा-नातवाची आहे. बेन सिरा हे यरुशलेमचे एक श्रद्धावान पंडित. त्यांनी आपले ज्ञान हिब्रू भाषेत लिहून ठेवले. पुढे त्यांचा नातू इजिप्त देशात गेला; साल इसवी सनापूर्वी १३२ च्या सुमाराचे. तेथे वसलेल्या यहुदी लोकांची बोली ग्रीक झाली होती. आजोबांचा ग्रंथ जसाच्या तसा पेटीत जपून ठेवला असता, तर तेथे कोणाला तो कळला नसता. नातवाने रात्रंदिवस खपून त्याचे ग्रीक भाषांतर केले आणि प्रस्तावनेत वाचकांची क्षमाही मागितली. हिब्रू शब्दांचे बळ दुसऱ्या भाषेत तसेच उतरत नाही, अशी कबुली त्याने दिली. पुढे मूळ हिब्रू ग्रंथ शतकानुशतके दृष्टीआड झाला. त्याची पाने १८९६ साली कैरोच्या जुन्या सभास्थानातील हस्तलिखितांत ओळखली गेली, काही १९६४ साली मसाडाच्या उत्खननात मिळाली. मधल्या एवढ्या मोठ्या काळात ख्रिस्तसभेने आजोबांचे शब्द ऐकले ते नातवाच्या तोंडून. आजोबांचा शब्द टिकावा म्हणून त्या नातवाने आजोबांची भाषा बदलली. किल्लारीच्या मुलाने घर टिकावे म्हणून माळवदाची माती उतरविली. दोघांची पितृभक्ती एकाच जातीची आहे.

टिळकांचे घर

अशी कथा आपल्या मराठी भाषेतही घडलेली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईतच त्यांनी देह ठेवला. ते आपल्या पंथाचे नव्हते; परंतु मराठी ख्रिस्ती माणूस पंथ न पाहता त्यांची भजने गातो. टिळकांमागे त्यांचे चरित्र लिहावे असे त्यांचे पुत्र देवदत्त यांच्या मनात आले, आणि त्यांनी आईला, लक्ष्मीबाईंना, आठवणी लिहायला लावले. लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांनी बोलल्यासारखे सरळ लिहिले. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने प्रसिद्ध झाली. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी त्या ग्रंथाची संपूर्ण आवृत्ती संपादून वाचकांच्या हाती दिली. पत्नी, पुत्र, नातू: तीन पिढ्यांनी एका श्रद्धावान पुरुषाचे स्मरण जपले.

कसे जपले, ते पाहण्यासारखे आहे. लक्ष्मीबाईंनी टिळकांना देव्हाऱ्यात बसविले नाही. टिळकांचा शीघ्रकोप, हातात पैसा न टिकणे, कोणालाही न सांगता घरातून निघून जाणे, आणि त्यांच्या धर्मांतरानंतर पत्नीच्या वाट्याला आलेली वियोगाची वर्षे, हे सर्व त्यांनी लिहिले. कोठे डोळे पुसत, पुष्कळदा हसत. आणि गंमत अशी की हे सारे वाचूनही टिळकांविषयीचा आदर तिळभर कमी होत नाही, उलट वाढतो. देवाच्या मागे निघालेला हा माणूस हाडामांसाचा होता, हे कळल्यामुळे तो आपल्या घरातला वाटू लागतो. याच लक्ष्मीबाईंनी टिळकांनी आरंभिलेल्या ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्यात ६४ अध्यायांची भर घातली आणि ते काव्य १९३८ साली, त्यांच्याही निधनानंतर, प्रकाशात आले. खरे बोलणे आणि अपुरे राहिलेले काम पुढे नेणे, या दोन गोष्टी त्या घराने केल्या.

आपल्या मृतांसाठी

मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायातला प्रसंग आपण मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या संदर्भात नेहमी ऐकतो. यहुदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या सैनिकांना मूठमाती द्यायला जातो, तेव्हा त्यांच्या कपड्यांखाली परक्या दैवतांचे ताईत सापडतात. ते धर्मासाठी लढले होते, आणि त्यांच्या हातून दोषही घडला होता. यहुदाने तो दोष लपविला नाही आणि त्यांना टाकलेही नाही. त्याने वर्गणी गोळा केली, चांदीच्या २,००० द्राख्मा जमल्या, त्या यरुशलेमला पाठवून त्यांच्यासाठी पापार्पण करविले. आपल्या नोव्हेंबर महिन्यातील प्रार्थनांची बैठक ही आहे. आपले वडील निर्दोष होते असे ठरवून आपण त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करीत नाही. ते आपले होते, देवाचे होते, आणि देवाच्या दयेची गरज आपल्यासारखीच त्यांनाही आहे, म्हणून अर्पण करतो.

मृत्यूनंतरच्या भाषणांत आणि स्मरणपत्रिकांत आपण वडिलांना बहुधा एकाच साच्यात बसवितो: कष्टाळू, प्रेमळ, धर्मनिष्ठ. शब्द खोटे नसतात. पण त्यांत त्यांचा चेहरा दिसत नाही. नातवंडांना विचारावे, आजोबा कसे होते? ‘चांगले होते’, यापलीकडे त्यांना सांगता येत नाही. आजोबांनी कोणत्या दुष्काळात काय विकले, कोणाशी भांडले आणि कोणाची क्षमा मागितली, कोणती प्रार्थना त्यांच्या ओठांवर असे, कोणत्या गोष्टीत त्यांचे चुकले आणि ते त्यांनी कसे सोसले, हे कोणी सांगितलेले नसते. मग दोन पिढ्यांत त्यांचे नावही केवळ बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत उरते.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा आणि वृद्ध यांच्यासाठी जागतिक दिन सुरू केला. संत योआकिम व संत आन्ना, म्हणजे प्रभू येशूचे आजी-आजोबा, यांच्या २६ जुलैच्या सणाला जवळचा जुलैचा चौथा रविवार त्यासाठी नेमला. वृद्ध हयात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसण्यासाठी हा दिवस चांगला आहे. नोव्हेंबरमध्ये, सर्व परलोकवासीयांच्या स्मरणदिनी आणि त्या महिनाभर, आपण मृतांची नावे लिहून वेदीजवळ ठेवतो. आमची वाचक-कुटुंबांना एक विनंती आहे. यंदा ती यादी लिहिताना प्रत्येक नावापुढे दोन-चार ओळी घरच्या वहीत लिहून ठेवाव्यात. मोठ्यांनी सांगाव्यात, मुलांनी लिहाव्यात. जन्म कोठला, हात कोणत्या कामात वाकबगार, श्रद्धा कशी होती, आणि कोणते काम अपुरे राहिले. जे खरे असेल तेच लिहावे, मायेने लिहावे. किल्लारीसारखी पहाट कोणाच्या घरावर न येवो. पण घर, तसबीर आणि पेटीतले कागद कधी ना कधी जातातच. सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्याबरोबर चालत राहते.

आणि वहीच्या शेवटी एक पान कोरे ठेवावे. वडिलांनी चांगल्या हेतूने केलेले, पण आज ज्याचे ओझे झाले आहे, असे आपल्या घरात काय आहे, याचा त्या पानावर विचार व्हावा. एखादे जुने वैर असेल, भावाभावांतला बांधाचा तंटा असेल, सुनेने किंवा लेकीने अमुक करू नये असा एखादा दंडक असेल. घरावर त्याचा थर वर्षानुवर्षे चढत आलेला असतो, आणि वडिलांची इच्छा म्हणून कोणी त्याला हात लावीत नाही. वडिलांना त्यातून काय साधायचे होते ते ओळखावे, त्यांच्या आत्म्याच्या शांतीसाठी प्रार्थना करावी, आणि किल्लारीच्या परिसरातील त्या मुलांनी केले तसे, सावकाश, सर्वांनी मिळून ते ओझे उतरवावे. त्यांच्यासाठी अर्पण होणाऱ्या मिस्साला मग घरातील दुरावलेली माणसेही एका बाकावर येऊन बसू शकतील. हे पाहून कोणत्या वडिलांना आनंद होणार नाही?

प्रभो, आमच्या सर्व मृत वडीलधाऱ्यांना, आणि त्या पहाटे ज्यांना एकट्याचा निरोपही मिळाला नाही त्या सर्वांना, तू अक्षय विश्रांती दे.